घसरतो तो टायर

टिपणीस आयुष्यात कधी सायकलवरून पडले नाहीत. टायर घसरला. हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. रविवारी दुपारी लिफ्टचं दार उघडावं, तर आत हे उभे. कोपर सोललेलं, गुडघ्यावर चिखल वाळलेला, हेल्मेटच्या फटींत पाला. "अगंबाई, पडलात का?" म्हटलं, की मी त्यांचं खानदान काढल्यासारखा चेहरा व्हायचा. "पडलो नाही हो. पुढचा टायर घसरला." दोन्हींत फरक काय, असं मी एकदाच विचारलं. माझा मजला आला, मी बाहेर पडले, तरी लिफ्टचं दार हातानं अडवून ते समजावत राहिले. वरच्या मजल्यावर कोण बिचारं बटण दाबून उभं होतं देव जाणे.

त्सुकुबा हे जपानातलं शास्त्रज्ञांचं गाव. रस्ते पट्टीनं आखलेले, झाडं रांगेत लावलेली आणि शेजारीपाजारी सगळे कशात ना कशात डॉक्टरेट केलेले. मिलिंद टिपणीस शास्त्रज्ञ नव्हते. एका जपानी कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं आणि त्यातल्या चुका काढायच्या, हे त्यांचं काम. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार मिळतो म्हटल्यावर पुण्याच्या माणसाला आणखी काय हवं असतं? आमच्याच इमारतीत ते वरती राहायचे. बायको अनघा, एका संशोधन संस्थेच्या ऑफिसात नोकरीला. मुलगी इरा, इथंच जन्मलेली, मराठी सगळं समजणारी आणि उत्तर मात्र जपानीत देणारी.

टिपणिसांचं एक लाडकं वाक्य होतं. "युजरची चूक नावाची गोष्टच नसते. युजर चुकला याचा अर्थ डिझाइन चुकलं." ऑफिसात या वाक्यावर म्हणे लोक माना डोलवायचे. घरी मात्र हा नियम फक्त एकाच युजरला लागू होता. अनघाची पोळी करपली तर ती अनघाची चूक. माझा नवरा शिरीष रेल्वेचा पास विसरला तर तो शिरीषचा वेंधळेपणा. आणि टिपणीस डोंगरात झुडपात गेले, तर टायरचं रबर त्या तापमानाला कडक होतं.

डोंगरातली सायकल हे प्रकरण त्यांनी चाळिशीनंतर काढलं. या वयात माणसं योगासनं करतात, नाहीतर झाडं लावतात. यांनी जाडजूड चाकांची सायकल घेतली आणि त्सुकुबाच्या उत्तरेच्या डोंगरांत जायला लागले. वाट खाली उतरते, वळणं घेते आणि त्या वळणांवर सायकल न घसरू देता न्यायची, एवढाच हा खेळ. ती कशानं घसरत नाही, यावर जगात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो टायर चांगला हवा, दुसरा म्हणतो माणूस चांगला हवा. टिपणीस पहिल्या पक्षाचे नुसते सभासद नव्हते, आजीव अध्यक्ष होते.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती सायकलच्या पार्किंगमध्ये. माझी आपली इथल्या सगळ्या बायकांची असते तशी सायकल, पुढं बास्केट, मागं कॅरिअर. त्यांना एक सवय होती. समोर कुणाचीही सायकल असो, अंगठा टायरवर दाबून बघायचा. भाजीवाला कलिंगड थापटतो त्यातलाच प्रकार. माझ्या टायरवर अंगठा दाबून ते गंभीर झाले. हवा फार आहे म्हणाले, जमिनीशी संपर्क कमी होतो. मी दुकानात जायच्या घाईत होते. मला वाटलं, माणूस तज्ज्ञ दिसतोय, करू दे काय ते. त्यांनी दोन्ही चाकांतली हवा सोडली आणि "आता बघा पकड" म्हणाले. पकड अशी बसली, की तांदळाची पिशवी बास्केटमध्ये घेऊन परत येताना सायकल जागची हलेना. शेवटी ती ढकलत आणली. संध्याकाळी त्यांनी दारावरची बेल वाजवून विचारलं, वळणावर फरक जाणवला का? मी म्हटलं, वळणापर्यंत पोचलेच नाही. यावर ते विचारात पडले आणि म्हणाले, मग चाचणी अपूर्ण राहिली.

त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांड्यांवर टायर असत. ओल्या मातीचे, कोरड्या मातीचे, मुळं असलेल्या वाटेचे, पानगळीनंतरचे. अनघाचे कपडे घरात वाळत. जुने टायर टाकून का देत नाही, असं मी अनघाला विचारलं तर ती म्हणाली, की कचऱ्याच्या वर्गवारीचं पत्रक घेऊन तो तासभर बसतो. जळणारा की न जळणारा, आतली तार काढून वेगळी द्यायची का, हे त्याला पटेल असं ठरत नाही आणि ठरेपर्यंत नवा टायर येतो. एकदा तिनं मला बेसनाचे लाडू करायला बोलावलं. मी कपाटातून डबा काढला, झाकण उघडलं, तर आत माती. डोंगरातल्या निरनिराळ्या ठिकाणची माती त्यांनी डब्यांत आणून ठेवली होती. शनिवारी हवामान बघायचं, मग त्या मातीत थेंब थेंब पाणी घालून ती चिमटीत चोळायची आणि मग उद्याचा टायर ठरवायचा. "बेसन कुठाय?" मी विचारलं. अनघा शांतपणे म्हणाली, "ते त्याच्या हत्यारांच्या पेटीत असेल." ती हे रागानं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं आशा सोडली होती.

शिरीषला त्यांनी एकदा सोबत नेलं. तो परत आला तो थेट सोफ्यावर. सायकलींवर एकूण बसलो ते थोडाच वेळ, असं त्यानं सांगितलं. बाकी वेळ टिपणीस प्रत्येक वळणाच्या आधी उतरून टायरमधली हवा कमी करत होते आणि वळणानंतर पंपानं भरत होते. पुढच्या रविवारी टिपणिसांचा फोन आला तेव्हा शिरीषला अचानक कंबरदुखी सुरू झाली. ती पुढं त्यांच्या फोनपुरती कायमची टिकली.

मात्र सगळ्यांत थोर प्रसंग उलट्या टायरचा. या टायरला दिशा असते. कडेला बाण असतो आणि चाक त्या बाणाच्या दिशेनं फिरलं पाहिजे, असा तो बसवायचा. एका वसंतात टिपणिसांनी पुढचा नवा टायर बसवला आणि तो त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम टायर ठरला. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, आमच्याकडे गणपतीच्या आरतीला आले तेव्हासुद्धा, हाच विषय. काय पकड आहे, काय भरवसा आहे. त्या टायरवरूनही ते झुडपात जात होतेच. पण ते म्हणे मागच्या टायरमुळे.

डोंगरात जाणारा त्यांचा एक गट होता. त्यात होसोदा-सान (सान म्हणजे आपलं 'राव') म्हणून एक वयस्क गृहस्थ होते, शाळेतून भूगोल शिकवून निवृत्त झालेले. कमी बोलणारे आणि वाटेवरून उतरताना सायकलीचा आवाजसुद्धा होऊ न देणारे. पानगळ सुरू झाली तेव्हा त्यांनी खूप मान लववून आणि खूप आढेवेढे घेऊन टिपणीस-साननी टायर उलटा बसवण्यामागचा विचार काय, असं विचारलं. आपल्या अल्पबुद्धीला तो कळला नाही, म्हणाले. टिपणीस खाली वाकले. बाण मागं तोंड करून होता. होसोदा-साननी तो पहिल्याच दिवशी पाहिला होता. पण इतका अभ्यास असलेला माणूस उगाच उलटा बसवणार नाही, काहीतरी गहन कारण असणार, असं समजून ते महिनोन् महिने गप्प बसले होते. आणि एवढ्यावर भागलं नाही. गटातल्या दोघांनी टिपणिसांची स्तुती ऐकून आपापले टायर काढून उलटे बसवले होते. त्यांनाही पकड वाढल्यासारखी वाटत होती.

हे मला इरानं सांगितलं. सांगताना तिला हसू आवरेना. मी म्हटलं, बाबा काय म्हणाला मग? तर बाबा होसोदा-सानना म्हणाला, की बरोबर हेरलंत, हा प्रयोग होता. तो टायर पुढंही उलटाच राहिला.

आता इराबद्दल सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय टिपणीस म्हणजे नुसती गंमत उरेल आणि ते तेवढेच नव्हते.

इरा बारा-तेरा वर्षांची असताना त्यांच्यासोबत डोंगरात जायला लागली. त्या वयात मुलं आईबापांबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही तयार नसतात. ही जायची. तिची सायकल टिपणिसांनी वापरून सोडलेली, टायरही त्यांनी बाद केलेले, बाजूचे दाते झिजून गेलेले. त्याच्यावरून ती पोर पाण्यासारखी उतरायची. तिला टायरचं काही विचारलं तर खांदे उडवायची. घरात बापलेकीत फारसं बोलणं नव्हतं. हे मराठीत विचारणार, ती जपानीत पुटपुटणार, यांना त्यातलं अर्धं कळणार आणि तेवढ्यात तिच्या खोलीचं दार लागणार. आठवड्यातून एकदा, त्या डोंगराच्या वाटेवर, दोघं एकत्र असत.

त्या वाटेचा एक नेम आहे. डोंगर खालच्या गावाचा. गावानं सायकलवाल्यांना सांगून ठेवलंय, वाट वापरा, पण वाटेचं गवत तुम्ही कापायचं आणि पावसानं वाहून गेलेली माती तुम्ही भरायची. त्यामुळे ठराविक रविवारी आधी विळे आणि फावडी, मग सायकली. घरटी जादा हात आणले तर गावकरी खूश होतात. अनघाला सुट्टीच्या दिवशी गवत कापायची हौस नव्हती, म्हणून टिपणीस मला न्यायचे. खोटं कशाला बोला, मलाही गवताची हौस नव्हतीच. गावातल्या म्हाताऱ्या बायका जाताना मुळे आणि बांबूचे कोंब पिशवी भरभरून द्यायच्या. त्या लोभानं मी जायची.

त्या वाटेवर देवदारासारख्या उंच झाडांमधून एक वळण येतं. वाट खाली घसरत येते आणि एकदम डावीकडे वळते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला थोडी सपाट जागा आहे. तिथं लाल कापड बांधलेला एक छोटा दगडी जिझो, म्हणजे वाटसरूंना सांभाळणारा देव, बसलाय. त्याच्या पलीकडे बुटक्या बांबूचं रान. देवाच्या डोळ्यांदेखत टिपणीस दर वेळी त्या रानात जायचे. गटानं त्या वळणाला "टिपणीस-सान" असंच नाव दिलं होतं. जपानी माणूस वळणालाही मान देतो. टिपणिसांना त्याचा अभिमानच वाटायचा.

इरा नेहमी पुढं असे. ती वळण घेऊन जिझोजवळच्या त्या सपाट जागेवर थांबायची आणि मागं वळून बघत उभी राहायची. हे वरून यायचे, वळायच्या ऐवजी थेट तिच्या रोखानं यायचे, शेवटच्या क्षणी ब्रेक दाबायचे आणि बांबूत. मग ती खाली वाकून विचारायची, "दाइज्योबु?" ठीक आहेस ना? इथं शेजाऱ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळ्यांना विचारतात तेच. आतून आवाज यायचा, "टायर घसरला."

एकदा गवतकापणी संपल्यावर पायथ्याशी मशीनमधून गरम कॉफीचे डबे घेऊन आम्ही उभे होतो. इरा गाडीवर सायकली चढवत होती. मी थट्टेनं म्हटलं, एवढे टायर झाले, आता ते वळणच बदलून घ्या गावाकडून. ते हसले नाहीत.

"ती लहान होती ना, तेव्हा तिच्या सायकलचं सीट धरून मी मागं पळायचो," ते म्हणाले. "आता ती माझ्यासाठी थांबते. दर वेळी. उभी राहून विचारते, ठीक आहेस ना. पुढच्या वर्षी ती जाईल कुठंतरी शिकायला. त्याच्या आधी एकदा तरी, एकदाच, तिला थांबायला लागू नये. तिनं मागं न बघता जावं, आणि खाली पोचल्यावर मी तिच्या मागं असावं. बाकी मला त्या टायरांचं काय करायचंय?"

इतकी वर्षं टायरांखेरीज न बोललेला माणूस हे बोलला आणि लगेच डबा कुठल्या कचऱ्यात टाकायचा ते बघायला लागला. मी मनात म्हटलं, देवा, या माणसाला ते एक वळण मिळू दे.

होसोदा-सान त्यांना उपाय सांगत नव्हते असं नाही. मी स्वतः ऐकलंय. वळणात शिरताना वळणाच्या शेवटाकडे बघायचं, जिथून बाहेर पडायचं तिथं नजर ठेवायची, सायकल नजरेच्या मागं जाते. बस, एवढं. टिपणीस मान डोलवून "हाइ, हाइ" म्हणायचे आणि विचारायचे, आपला टायर कुठला? होसोदा-सान ओशाळून सांगायचे, की सायकल घेतली तेव्हा त्यावर होता तोच आहे, त्यांनी कधी नीट पाहिलेला नाही. यावर टिपणीस मला हळूच मराठीत सांगायचे, "हे लोक गुपित सांगत नाहीत."

मार्चमध्ये इराचा निकाल लागला. सेंदाईच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. अनघानं शिरा केला, आम्ही सगळे जमलो, आणि टिपणीस सगळ्यांना पेढ्यांच्या जागी इथले लाल भाताचे डबे वाटत फिरले. एप्रिलच्या आधी तिला तिथं खोली लावून द्यायची होती. म्हणजे डोंगरातला एकच रविवार उरला, तोही गवतकापणीचा. टिपणिसांनी दुसऱ्याच दिवशी नवा टायर मागवला. सगळ्यांत रुंद, सगळ्यांत मऊ, हात लावला तर चिकटेल असा. आदल्या रात्री वरून पंपाचा आवाज येत होता आणि मधूनमधून अनघाचा, की अरे झोप आता. शिरीष म्हणाला, हा माणूस लेकीला निरोप देतोय की शर्यतीला निघालाय? मी म्हटलं, तुझी कंबर सांभाळ.

त्या सकाळी मी तोंडाला मास्क लावून, डोळ्यांना चष्मा लावून गेले. मार्चात त्या उंच झाडांचे पिवळे परागकण उडतात आणि माझं नाक पाझरायला लागतं. त्या वळणाच्या जरा वरती मी आणि इरा वाटेवरचा पाला ओढत होतो. बाकीचे खाली माती भरत होते. टिपणीस वर सायकलींपाशी होते, टायरची हवा बघत. काम संपल्यावर शेवटची फेरी व्हायची होती.

इरानं दाताळं झाडाला टेकवलं आणि म्हणाली, "काकू, बाबा का पडतो, मला माहितेय."

चक्क मराठीत बोलली म्हणून मी आधी तिच्याकडेच बघत राहिले. टायर, मी म्हटलं.

"नाही. तो माझ्याकडे बघतो." तिनं जिझोजवळच्या त्या सपाट जागेकडे बोट दाखवलं. "मी तिथं उभी असते. तो वरून येतो ना, तर वळणाकडे नाही बघत, माझ्याकडे बघतो. मग सायकल माझ्याकडेच येते. दर वेळी. होसोदा-सान सांगतात ते तेच."

मला एकदम ते सगळं डोळ्यांसमोर आलं. सरळ तिच्या रोखानं येणारी ती सायकल, शेवटच्या क्षणाचा ब्रेक आणि बांबूत गेलेले टिपणीस. बाल्कनीतले टायर, डब्यांतली माती, सगळं कशासाठी चाललं होतं! पोर समोर दिसली की बापाची नजर हलत नव्हती. याला कुठला टायर पुरणार? मला हसू आलं. मास्क होता म्हणून बरं.

कधी कळलं तुला, मी विचारलं. खूप आधी, ती म्हणाली. मग सांगितलं का नाहीस? तिनं बुटानं पाला उकरला. थोडं जपानी, थोडं मराठी करत तिनं जे सांगितलं ते असं, की सांगितलं असतं तर त्यानं माझ्याकडे बघायचं सोडलं असतं. घरी तो लॅपटॉपकडे बघतो, टायरकडे बघतो. इथं तो माझ्याकडे बघत येतो. मला ते आवडायचं.

मग ती म्हणाली, "आज मी थांबणार नाही. सरळ खाली जाणार. तुम्ही थांबाल का इथं? पडलाच तर उचला. पण त्या झाडामागं उभ्या राहा, आतल्या बाजूला. म्हणजे तो तुमच्याकडेही बघणार नाही." आणि जरा विचार करून, "तसा तो तुमच्याकडे बघणार नाहीच म्हणा." बापाची लेक शोभली.

शेवटची फेरी सुरू झाली. मी त्या झाडामागं उभी, नाक घट्ट दाबून धरलेलं, कारण एक शिंक आली असती तर इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात गेलं असतं. वरून आधी इरा आली. वळणाच्या तोंडाशी तिची सायकल थोडी आडवी झाली, सरळ झाली, आणि ती जिझोजवळून निघून गेली. थांबली नाही. मागंही बघितलं नाही. जाताना तिनं बाहीनं डोळे पुसले ते मला दिसलं. परागकणांचा मोसम होता, पण ते परागकणांमुळे नव्हतं.

मग टिपणीस. वरच्या उतारावर ते दिसले आणि मी बघितलं, त्यांची नजर सवयीनं त्या सपाट जागेकडे गेली. जागा रिकामी होती. नजर तिथं टेकायला काही मिळालं नाही, तेव्हा ती पुढं सरकली, वाट जिथं वळते तिथं, आणि तिच्याही खाली, तिला शोधत. सायकल नजरेच्या मागं गेली. पुढचं चाक वळलं, सायकल जरा कलली, रबर मातीत दाबलं जाऊन निघाल्याचा आवाज झाला, आणि टिपणीस वळणाच्या पलीकडे होते. उभेच्या उभे. मी देवाशप्पथ सांगते, इतकं सोपं काहीतरी मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं.

खाली जाऊन त्यांनी ब्रेक लावला. मी झाडामागून बाहेर आले आणि एवढ्यात दाबून धरलेली शिंक सुटली. त्यांनी दचकून वर पाहिलं. चेहरा असा फुलला होता, की मी तो पूर्वी कधी पाहिला नव्हता.

"बघितलंत?" ते म्हणाले. "सांगत नव्हतो? टायरचाच प्रश्न होता."

माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, हो, टायर छान आहे. पुढं त्या गटातल्या चौघांनी तोच टायर घेतला म्हणतात. इरा सेंदाईला गेल्यावर टिपणीस नोकरीसाठी तोक्योच्या कोतो भागात राहायला गेले. तिथं उंच इमारती आहेत, सपाट रस्ते आहेत आणि डोंगर नाही. त्या दिवसानंतर माझी त्यांची भेट म्हणजे फोनवर नाहीतर कुणाच्या तरी घरच्या दिवाळीला. सायकलवरचे टिपणीस मी शेवटचे पाहिले ते तिथंच.

त्या दिवशी टायरचं बोलता बोलता ते मागं वळले. त्यांनी जिझोजवळच्या जागेकडे बघितलं, दाखवायला, की बघ, जमलं. तिथं कोणीच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"इरा?"

"पुढं गेली," मी म्हटलं.

"थांबली नाही?"

"नाही. मागं न बघता गेली."

ते हसायला लागले आणि ते हसणं मध्येच कुठंतरी राहून गेलं. हवं होतं ते हेच, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. तरी ते त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग एकदम तोंडाशी हात नेऊन त्यांनी खाली हाक मारली, "इरा, थांब गं..." आणि हाक अर्ध्यावरच सोडून दिली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नको. जाऊ दे. उगाच ताटकळेल माझ्यासाठी."

आणि त्यांनी पेडलवर पाय ठेवला आणि तिच्या मागं निघाले.